छत्तीस सेकंदांचा किलोमीटर

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास थोरलीनं दुसऱ्याच किकला आवाज दिला आणि शेडमधली सगळी मोठी माणसं लहान पोरांसारखी ओरडली.

थोरली म्हणजे मोटारसायकल. घरात हे कुणाला सांगावं लागत नाही, पण नवा माणूस दरवेळी फसतो. नानांनी ती लग्नाच्या दोन वर्षं आधी घेतली, तिच्या पाठीवर पिस्टनच्या रिंगांची पेटी बांधून गावोगावच्या गॅरेजांना माल पोचवला, आणि पुढे लेथ टाकून इंजिनं उघडायचं वर्कशॉप उभं केलं. मग मुलं झाली. तोवर थोरलेपणाची जागा भरलेली होती. त्यामुळे पहिला मुलगा जन्मतःच मधला झाला आणि त्यानंतरची मुलगी धाकटी. आता मधला पन्नाशीला टेकला, धाकटी पंचेचाळिशीत आली, तरी नावं काही सुटली नाहीत. "तुमची थोरली कुठे असते?" असं कुणी विचारलं की आई अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगते, "शेडमध्ये."

आजचा आवाजच वेगळा होता. पूर्वी थोरली खोकत खोकत उठायची. आज तिनं घसा साफ केला नि थेट तान घेतली. भिंतीवर टांगलेले पाने किणकिणायला लागले. नाना टाकीला कान लावून, डोळे मिटून उभे होते, आणि वयाच्या शहात्तराव्या वर्षी त्यांच्या पायाचा अंगठा ठेका धरत होता.

"ऐका! ऐका रे!" नाना ओरडले. "एक ठोका इकडचा तिकडे नाही!"

"ब्लॉक कुणी बसवला?" मधल्यानं छाती पुढे काढली. जुना सिलिंडर काढून त्यानं मोठ्या पिस्टनचा नवा ब्लॉक बसवला होता, कार्ब्युरेटरही मोठा घातला होता, आणि गेले दोन महिने जो भेटेल त्याला तो हे ऐकवत होता. दूधवालासुद्धा सुटला नव्हता.

"आणि तो सगळा जोर चाकापर्यंत पोचवणार कोण?" धाकटी म्हणाली. "पाचवा गिअर काय आभाळातून पडला?"

ती गिअर बनवणाऱ्या कारखान्यात फोरमन. चार गिअरांची जुनी पेटी उघडून त्याच कवचात पाच गिअर बसवणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे. केसाएवढे पातळ वॉशर घालत, काढत, पुन्हा घालत तिनं सहा रविवार घालवले होते. तिच्या नखांतलं ग्रीस आता साबणाला दाद देत नव्हतं आणि त्याचा तिला भलताच अभिमान वाटत होता.

"दोघंही गप्प बसा," आई म्हणाली. "पन्नास वर्षं तिच्यावरची धूळ कुणी पुसली, ते काढलं तर दोघांनाही तोंड लपवायला जागा उरायची नाही."

हा सगळा उपद्व्याप सुरू झाला तो कोबीमुळे. शहराबाहेर नवा हायवे झाला. दोन-अडीच महिन्यांपूर्वी नाना थोरलीवर बसून मोठ्या रुबाबात त्यावर गेले. साठच्या वर ती थरथरायला लागायची, म्हणून साठवरच होते. मागून कोबी भरलेला टेम्पो आला, त्यानं कर्णकर्कश हॉर्न मारला आणि नानांना ओलांडून गेला. वर क्लीनरनं हात हलवून टाटा केला. नाना घरी आले ते तोंड पाडून. दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः फोन फिरवला आणि धाकटीला म्हणाले, "पाचवा गिअर टाकायचाय. हात तुझाच लागेल."

त्या फोननंतर धाकटी स्वयंपाकघरात बसून अर्धा तास रडली होती. कारणही तसंच होतं. एकोणीस वर्षांपूर्वी तिनं ब्रेकवाल्याशी लग्न केलं. ब्रेकवाला म्हणजे तिचा नवरा, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्याचं ब्रेकला लायनर चढवायचं दुकान. माणूस निर्व्यसनी, शांत, कामाला चोख. पण नाना तेव्हा म्हणाले होते, "आमचं घर गाड्या पळवणारं. थांबवणारा जावई कुठनं शोधून आणलास?" बोलता बोलता शब्दाला शब्द वाढला आणि धाकटीनं शेडची किल्ली टेबलावर ठेवली. तेव्हापासून ती या घरात पाहुणी. वर्षातून तीनदा यायचं, पुढच्या खोलीत चहा घ्यायचा आणि निघायचं. नाना जावयाशी भांडले नाहीत, फक्त त्याच्याशी कधी थेट बोलले नाहीत. "तुझ्या ब्रेकवाल्याला सांग" ही त्यांची पद्धत. जावई समोर बसलेला असला तरी तीच.

आणि आता दोन महिने दर रविवारी ती हक्कानं शेडमध्ये येत होती, नानांच्या शेजारी पालथ्या डब्यावर बसत होती, त्यांच्याशी वॉशरवरून भांडत होती. सुख सुख म्हणतात ते हेच, असं तिला वाटायचं. पण आता काम संपत आलं होतं. गेल्या रविवारी नानांनी जाहीर केलं होतं, "माझं वय झालं. मला मागे बसवून जो शंभर गाठेल, थोरली त्याची." मधला ती नेऊन आपल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये कापडाखाली ठेवणार, हे उघड होतं. मग शेड रिकामी आणि रविवारही रिकामे. धाकटीला थोरली हवी होती, ती ही अशी, जीव टाकून हवी होती.

"चला मग!" नानांनी हात चोळले. "घोडामैदान जवळच आहे."

"एक मिनिट," शेडच्या दारातून आवाज आला.

ब्रेकवाला दारातच उभा होता. तो नेहमी दारातच असायचा, ना आत ना बाहेर.

"पुढचा ब्रेक मी पाहिला," तो म्हणाला. "केबल ताणून दिलीय, पण ड्रम तोच आहे, जुना. साठला पुरायचा. शंभरला नाही पुरणार. दोन माणसं बसलेली, त्यात मोठं इंजिन. मी दोन महिन्यांत दोनदा सांगितलंय."

मग मधला खो खो हसत सुटला. "अरे बाबा, अजून पळाली नाही ती, आणि तू थांबवायला निघालास!"

नानाही हसले. "धाकटे, तुझ्या ब्रेकवाल्याला सांग, आधी वेग तर येऊ दे."

खरं सांगायचं तर दोष एकट्या नानांचा नव्हता. इंजिनावर जगलेलं घर ते. बोअर किती, पिस्टन किती, तेल किती, पुढच्या चक्राला दात किती, यावर दोन महिने रात्रंदिवस काथ्याकूट झाला. ब्रेकवाल्याशिवाय ब्रेकचा विषय कुणी एकदाही काढला नाही. शहरातला सगळ्यात चांगला ब्रेकवाला घरचा जावई, दारात उभा, आणि कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, तो हाच. आणि धाकटी? तिला सगळं कळत होतं. तरी ती पान्यांकडे बघत गप्प राहिली. आत्ता ब्रेकचं मनावर घेतलं तर शर्यत लांबणार, आणि लांबली की मधला काही ना काही खोडा घालणार. तिनं नवऱ्याची नजर चुकवली.

वहिनीनं मात्र ते पाहिलं. वहिनी म्हणजे मधल्याची बायको, इस्पितळात नर्स. सकाळपासून ती प्रथमोपचाराची पेटी मांडीवर घेऊन बसली होती.

"धाकटे," ती हळूच म्हणाली, "नवरा म्हणतोय ते चूक आहे का?"

"नाही वहिनी."

"मग?"

"मग काय! मला ती हवीय."

"माझ्याकडून तुलाच मिळू दे," वहिनी कुजबुजली. "आमच्या पार्किंगमध्ये आधीच तीन बंद सायकली आहेत. तू जिंकलीस तर मी पेढे वाटेन. पण हाडं मोडून जिंकू नकोस, टाके मलाच घालावे लागतील."

जागा मधल्यानंच शोधली होती. हायवेचाच पुढचा तुकडा, अजून न उघडलेला. नवाकोरा डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना चिटपाखरू नाही, शून्यापासून तीनपर्यंत किलोमीटरचे दगड रंगवलेले. तिसऱ्या दगडापुढे जेमतेम सव्वाशे मीटर रस्ता, मग वाळूचा मोठा ढीग आणि ढिगामागे नदीवरचा अर्धाच बांधलेला पूल. वॉचमननं एक तास दिला होता, तोही वहिनीनं कधीतरी त्याच्या आईला इंजेक्शन दिलं होतं म्हणून.

नानांचा थोरलीच्या काट्यावर विश्वास नव्हता. "तो काटा भित्रा आहे, सारखा थरथरतो," ते म्हणत. त्यांची पद्धत जुनी आणि पक्की होती. हातात स्टॉपवॉच धरायचं, एका दगडाशी दाबायचं, पुढच्याशी दाबायचं. छत्तीस सेकंदांत किलोमीटर म्हणजे ताशी शंभर. सदतीस आले तर शंभर नाही. त्यात मध्ये काही नाही.

"दगड दोन ते दगड तीन मोजायचं," नाना म्हणाले.

"एक ते दोन मोजा," ब्रेकवाला म्हणाला. "मग थांबायला किलोमीटरभर रस्ता उरेल."

"दोघांचं वजन घेऊन एका किलोमीटरात ती पूर्ण वेगात येणार कशी?" मधला म्हणाला. "तेवढंही कळत नाही का?"

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. तिच्या मनात हिशेब आधीच झाला होता. मधल्याचं बरोबर होतं. एक ते दोन मोजलं तर छत्तीस येणारच नाहीत.

"दोन ते तीन," ती म्हणाली.

ब्रेकवाल्यानं मान हलवली, वाद घातला नाही. त्यानं आईच्या पिशवीतला लाल टॉवेल मागून घेतला, मधल्याच्या गाडीतून पार टोकापर्यंत गेला आणि वाळूच्या ढिगापासून उलटी पावलं मोजत परत यायला लागला. तीन नंबरच्या दगडाच्या अलीकडे दोनशे मीटरवर थांबला आणि खडूनं रस्त्यावर रेघ ओढली. मग धाकटीपर्यंत चालत आला, पावणेतीन किलोमीटर, भर उन्हात. घामाघूम झाला होता.

"त्या रेघेवर मी टॉवेल धरून उभा राहणार," तो म्हणाला. "टॉवेल दिसला की रेस सोडायची आणि दोन्ही ब्रेक. एवढंच कर."

"तिथे सोडली तर छत्तीस येत नाहीत."

"येत नाहीत."

"म्हणजे हरायला सांगतोयस?"

"हो. हर. मग घरी चल आणि माझ्याशी महिनाभर भांड."

तिला हसू आलं आणि रागही आला. "बरं," ती म्हणाली. पण ते 'बरं' कसलं होतं, हे तिचं तिला ठाऊक होतं. सोडायची नाही, हे तिनं ठरवून टाकलं होतं. त्यालाही ते कळलं असावं, कारण मधल्याच्या गाडीतून परत जाताना त्यानं तीनदा वळून पाहिलं.

पहिलं कोण जाणार यावर थोडी बाचाबाची झाली. आईनं निकाल दिला, "जेवायला मधला पहिला बसतो, तेव्हा हिला पहिलं जाऊ दे." वहिनीनं नानांच्या डोक्यावर हेल्मेट दाबून बसवलं. आतून नाना काहीतरी म्हणाले, ते कुणाला ऐकू आलं नाही.

"काय म्हणताय?" आई ओरडली.

नानांनी काच वर केली. "म्हटलं, मागे बसून जायची पहिलीच वेळ माझी! तू कशी बसायचीस गं?"

"डोळे मिटून," आई म्हणाली.

धाकटीनं किक मारली. थोरली गरजली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. आईचा, वहिनीचा, मधल्याचा आवाज मागे पडला. पूर्वी तिसऱ्यातच थोरलीचा जीव मेटाकुटीला यायचा, आज ती अजून मागत होती. चौथा. वारा छातीवर आदळायला लागला. पहिला दगड सुटला. नाना मागून तिच्या पाठीवर थापा मारत होते आणि शाळा सुटल्यावर पोरं ओरडतात तसे ओरडत होते. मग तिनं क्लच दाबला आणि पाचवा टाकला. सहा रविवारांचा पाचवा! लोण्यात बोट जावं तसा आत गेला, खट्ट सुद्धा नाही. इंजिनाचा आवाज खाली आला, मोकळा झाला, आणि वेग मात्र वाढतच राहिला.

"बसला गं बसला!" नाना किंचाळले. "वा रे माझी पोरगी!"

एकोणीस वर्षांत हे शब्द तिनं ऐकले नव्हते. हेल्मेटच्या आत ती मोठ्यानं हसत होती आणि रडतही होती. काच धुरकट झाली, तिनं ती वर केली तर वाऱ्यानं डोळ्यांतलं पाणी कानांकडे नेलं. एवढा आनंद एका माणसाच्या अंगात मावतो कसा, असं तिला झालं.

दोन नंबरचा दगड आला. "दाबलं!" नाना ओरडले.

काटा थरथरत शंभरच्या पुढे. रस्ता सरळ, निळा, मोकळा. ती टाकीवर वाकली. मनातल्या मनात मोजायला लागली. दहा. पंधरा. वीस. पंचवीस. आणि दूर एक लाल ठिपका दिसला.

ब्रेकवाला टॉवेल हलवत नव्हता. दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरून नुसता उभा होता, वाळत घातलेल्या चादरीसारखा ताणून.

"सोडू नकोस!" नाना तिच्या कानाशी ओरडले. "सोडू नकोस, येतायत छत्तीस! सात सेकंद फक्त!"

सात सेकंद. सात सेकंदांनी थोरली आपली. शेड आपली, रविवार आपले, नाना आपले. तिनं मूठ घट्ट धरली. ठिपक्याचा माणूस झाला, माणसाला चेहरा आला. आणि तिला दिसलं की तो घाबरलाय. एकोणीस वर्षांत तिनं त्याला दमलेलं पाहिलं होतं, चिडलेलं पाहिलं होतं, नानांच्या पुढच्या खोलीत अपमान गिळताना पाहिलं होतं. घाबरलेला कधीच नाही. त्याला गाड्या थांबतात की नाही हे हातानं कळायचं, म्हणून तो कधी घाबरायचाच नाही.

तिच्या मनगटानंच रेस सोडली. आधी मनगटानं, मग तिनं.

"अगं!" नाना ओरडले.

दोन्ही ब्रेक. हाताची बोटं पांढरी होईपर्यंत दाबलेला पुढचा, सगळा भार देऊन दाबलेला मागचा. थोरलीनं वेग सोडायला सुरुवात केली, पण कशी? कंजूष माणसानं नाणं सोडावं तशी, एकेक करून. पाचवा, चौथा, गिअर खाली आणले, इंजिन गुरगुरलं. तिसरा दगड गेला. नानांनी सवयीनं बटण दाबलं. वाळूचा ढीग मोठा होत होता. ड्रममधून जळका वास यायला लागला. तिसरा, दुसरा. आता ब्रेकच्या दांडीत काही जीवच उरला नव्हता, ती नुसती मुठीपर्यंत येत होती. नानांचे दोन्ही हात तिच्या कमरेभोवती आवळले होते.

थोरली थांबली. पुढे वाळू होती.

इंजिन तेवढं टुकटुक चाललं होतं, अगदी निर्लज्जपणे. मग नाना उतरले. हेल्मेट काढून त्यांनी स्टॉपवॉच डोळ्यांजवळ नेलं.

"अडतीस," ते म्हणाले. "हरलीस."

"माहितीय, नाना."

नानांनी पुढे पाहिलं. मग पुढच्या चाकाला टाच लावून वाळूपर्यंत पावलं मोजत गेले. मोठ्यानं मोजत होते. "एक. दोन. तीन..." अकराव्या पावलाला बूट वाळूत रुतला. ढिगाच्या बाजूनं त्यांनी वाकून पलीकडे, खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तोवर ब्रेकवाला धावत येऊन पोचला होता, धापा टाकत, टॉवेल अजून हातात. त्यानं धाकटीला काही म्हटलं नाही. आधी तिचा हात धरला आणि मग वाकून चाकाचा ड्रम पाहिला.

"हात लावू नका, तापलाय," तो नानांना म्हणाला.

नाना त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. धाकटीला वाटलं, आता म्हणतील, तुझ्या ब्रेकवाल्याला सांग.

"अहो," नाना म्हणाले, "हिनं तिसऱ्या दगडापर्यंत सोडलीच नसती तर?"

इकडे तिकडे पाहून ब्रेकवाल्याला कळलं, 'अहो' म्हणजे आपणच. "तर मग दोनशे मीटर कमी पडले असते," तो म्हणाला. "आणि तुम्हाला पोहता येतं का, मला माहीत नाही."

"नाही येत," नाना म्हणाले.

आणि मग त्यांना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग पोट, मग ते रस्त्यावर बसलेच आणि डोळे पुसत हसत राहिले. धाकटी त्यांच्या शेजारी कोसळली. ब्रेकवाला काय करावं न कळून टॉवेलची घडी घालायला लागला, त्यावर दोघं आणखीच हसले.

एवढ्यात मधला गाडी घेऊन आला, आईला आणि वहिनीला घेऊन. "किती? किती?" तो खिडकीतूनच ओरडला.

"अडतीस. आता तू," नाना म्हणाले.

मधला उतरला. त्यानं वाळू पाहिली, चाक पाहिलं, मधलं अंतर पाहिलं. मग ढिगामागे गेला आणि जरा जास्तच लवकर परत आला.

"मी नाही बसत," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही बसत! खरं सांगू? लहानपणापासून भीती वाटते मला तिची. पाचवीत असताना तिनं पाय भाजला होता माझा. मला नकोच होती ती."

"मग दोन महिने हा तमाशा कशाला?" आई कडाडली.

मधल्यानं धाकटीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "हिला मिळू नये म्हणून."

वहिनीच्या हातातून पेटी पडली. कापसाचे बोळे रस्ताभर झाले आणि ते गोळा करायचे सोडून ती गाडीला टेकून पोट धरून हसायला लागली. "पन्नास वर्षांचा घोडा!" ती म्हणत होती. "पन्नास!"

"दादा!" धाकटीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला, अगदी दहावीत घालायची तसा. तो ओरडला आणि मग तोही हसला. तिला वाटलं, याला मिठी मारावी, आणि तिनं मारलीही.

"म्हणजे बिनविरोध," नानांनी जाहीर केलं. "दोन सेकंदांनी हरलेली, पण बिनविरोध. थोरली धाकटीची."

धाकटीनं हात पुढे केला. चावी थोरलीलाच होती, तरी केला. पण मध्ये ब्रेकवाला आला.

"आज ती चालवत न्यायची नाही," तो म्हणाला. नानांच्या समोर, पहिल्यांदाच एवढ्या मोठ्यानं. "शहरापर्यंतसुद्धा नाही. टेम्पोत घालून दुकानात नेणार. पुढे डिस्क बसवेन, मागचा ड्रम मोठा करेन. तीन आठवडे लागतील. तोवर कुणी किकला पाय लावायचा नाही."

सगळे नानांकडे बघायला लागले. पन्नास वर्षांत थोरली दुसऱ्या कुणाच्या दुकानात गेली नव्हती. पंक्चरसुद्धा घरी काढलं जायचं.

नानांनी नाक खाजवलं. "काम माझ्या डोळ्यांसमोर व्हायला पाहिजे."

"मग या," ब्रेकवाला म्हणाला. "नऊला उघडतो."

"रोज येईन."

"रोज या."

"मधे बोलेन."

"बोला. ऐकेनच असं नाही."

नानांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं, एखादं चांगलं काम झालेलं इंजिन पाहावं तसं. "धाकटे," ते म्हणाले, "दुपारचा डबा तुझ्याकडे. मला तिखट चालतं."

नाना, धाकटीच्या गल्लीत, तिच्या घरी, तीन आठवडे, रोज! तिनं नुसती मान हलवली, दहा-बारा वेळा.

ब्रेकवाल्याला दुकानाचा टेम्पो घेऊन यायला तासभर लागला. वॉचमनची मुदत केव्हाच संपली होती, पण आता तोही गंमत बघत होता. फळी लावून, सगळ्यांनी मिळून, एकमेकांच्या पायांवर पाय देत थोरलीला वर चढवलं. दोरखंड बांधले. तरी नानांचा दोरखंडांवर विश्वास बसेना. ते मागे चढून थोरलीच्या डाव्या बाजूला तिला धरून उभे राहिले.

"नाना, खाली या, पडाल," वहिनी म्हणाली.

"उजवीकडनं धरायला या तुम्ही," नाना म्हणाले, आणि ते ब्रेकवाल्याला म्हणाले. तो निमूटपणे वर चढला. टेम्पोची किल्ली त्यानं धाकटीकडे फेकली.

ती टेम्पोत बसली. मागच्या लहानशा काचेतून तिला दोघं दिसत होते, थोरली मध्ये, एक हात नानांचा, एक हात नवऱ्याचा. नाना काहीतरी सांगत होते, हातवारे करत, बहुधा पिस्टनच्या रिंगांबद्दल, आणि तो मान डोलवत होता. तिनं पहिला गिअर टाकला. नव्याकोऱ्या, रिकाम्या, सरळसोट रस्त्यावरून टेम्पो निघाला. तिला इतका आनंद झाला होता की पाय आपोआप दाबला गेला. काटा पंचवीसवर गेला असेल नसेल, मागच्या काचेवर धाडधाड थापा पडल्या.

"अगं हळू!" नाना ओरडत होते. "हळू चालव! मागे आम्ही आहोत!"